गोव्यातल्या कॅसेट, स्पूल आणि व्हीसीआर: पावसाच्या आत काय वाचवता येईल?

फितवाला

मिरग तोंडावर आलाय म्हणून हा धागा आत्ताच काढतो. मी फोंडा तालुक्यातला. निवृत्तीनंतर ओळखीच्यांचे टेपरेकॉर्डर, डेक, व्हीसीआर उघडून बसतो. धंदा नाही, हौस. लोक ट्रंकभर कॅसेट घेऊन येतात आणि विचारतात, या फितींचं काय करायचं? मी उलट विचारतो, यंत्र कुठे आहे? ते असतं माळ्यावर उंदरांच्या ताब्यात, नाहीतर गेल्या चवथीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिलेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की फितीआधी यंत्र वाचवा. बऱ्या कंपनीची १९८० च्या आसपासची कॅसेट कोरड्या कपाटात राहिली असेल तर आजही स्वच्छ वाजते. यंत्राचं तसं नाही. रबर वितळतं, ग्रीस घट्ट होऊन गिअर अडकतात, कपॅसिटर गळतात, आणि आपल्याकडचा खारा वारा उरलेलं काम करतो. नवीन यंत्र येणार नाही. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा यांनी २०१९ मध्ये ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ काढून सांगितलं होतं की २०२५ नंतर फिती वाजवणं जवळपास अशक्य होईल. तो मुहूर्त टळून गेला, यंत्रं अजून मिळतात, पण भंगारात आणि मेलेली.

गोव्याचं एक बरं आहे. आखातातून येणारा आणि बोटीवरून येणारा, दोघेही बॅगेतून टू-इन-वन नाहीतर व्हीसीआर आणायचे. त्यामुळे बार्देश-सासष्टीच्या माळ्यांवर अजून नॅशनल, आकाई, सॅन्सुई सापडतात. सापडलं की लगेच प्लग लावू नका. आधी झाकण उघडा. बेल्टची काळी चिकट राड झालेली असेल तर ती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चिंध्यांनी पुसून काढा. जुने कपडे घाला, तो डाग धुऊन जात नाही. हेड, कॅप्स्टन (फीत ओढणारा धातूचा दांडा) आणि पिंच रोलर (त्यावर फीत दाबणारं रबरी चाक) पुसा. बोळा पांढरा निघेपर्यंत पुसा. पहिल्यांदा वाजवायला बाजारातली कुठलीही टाकाऊ कॅसेट घ्या. आजोबांचा आवाज असलेली फीत नव्हे!

व्हीसीआरचं हेड मात्र कॅसेटच्या हेडसारखं पुसायचं नाही. ६२ मिलिमीटरचा ड्रम असतो, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो, आणि त्याच्या कडेला केसाएवढी फेराइटची टोकं असतात. कापसाची काडी वापरली तर तंतू अडकून टोक उडतं. शॅमॉय चामड्याचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि ड्रम हाताने सावकाश फिरवायचा. चामडं वरखाली हलवायचं नाही. आणि व्हीसीआरच्या पॉवर सप्लायमध्ये हात घालण्याआधी प्लग काढून थांबा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं. हे मी चेष्टेत लिहीत नाही.

आता कुठली फीत आधी? सिनेमाची गाणी आणि बाजारातली नाटकं शेवटी घ्या, ती जगात दुसरीकडे कुठेतरी आहेत. आधी घरी भरलेल्या. चवथीच्या घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) आरत्या, जत्रेतली नाटकं, सप्ताहातली भजनं, आजीने सांगितलेली ओवी. घुमटाला सरकारने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हटलं. पण पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, ती आता वन्यजीव कायद्याखाली येते आणि घुमटाला बकऱ्याचं कातडं लावतात. जुना नाद ऐकायचा तर या कॅसेटच उरल्या.

त्या ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल. टू-इन-वनच्या माइकमागे आवाज आपोआप सावरणारं सर्किट असतं. घुमटावर थाप पडली की गाणाऱ्यांचा आवाज दबतो आणि मग हळूहळू वर येतो. लोक म्हणतात हेड गेलं. हेड ठीक आहे, तो दोष भरतानाच फितीत गेलाय. आहे तसं उतरवून घ्या, सुधारणा नंतर संगणकावर.

प्रश्न विचारा. कुणाकडे दुसरी रीत असेल तर तीही लिहा.

साळगावची_सून

छान धागा, वाचनखूण साठवली. फितवालाकाका, सासऱ्यांच्या ट्रंकेत कॅसेट आणि काही व्हीएचएस आहेत. व्हीएचएसच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात. कॅसेटना कुबट वास येतो. मला दमा आहे. ट्रंक उघडू की नको?

फितवाला

बाय, तू उघडू नकोस. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांग, एन-९५ मास्क लावून, व्हरांड्यात, स्वयंपाकघरापासून लांब. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. ती फीत यंत्रात घातली की हेड भरतं आणि पुढच्या प्रत्येक फितीला लागण होते. एका कॅसेटपायी चांगला व्हीसीआर घालवलेले लोक पाहिलेत.

ओली बुरशी पुसायला गेलं तर फासली जाते, म्हणून आधी वाळवायची. घट्ट झाकणाच्या डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल घाल, त्यात कॅसेट उभ्या ठेव आणि विसरून जा. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत घाल. उन्हात अजिबात नको, कवच वाकतं. बुरशी सुकून भुकटी झाली की मऊ ब्रशने झटकता येते. मग व्हीएचएसचे खालचे पाच स्क्रू काढून कवच उघड. फीत तंतू न सुटणाऱ्या कापडातून सावकाश एका रिळावरून दुसऱ्यावर घे. हे काम फेकायच्या लायकीच्या व्हीसीआरवर करतात, चांगल्यावर नाही.

आणि हो, दमट कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करू नकोस. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीला रान मोकळं. आपल्याकडे जुलैत घरात त्याहून बरीच जास्त असते.

पेडण्याचो_पिसो

आमच्याकडे दशावताराच्या व्हीएचएस आहेत, लग्नाच्या शूटिंगवाल्याने खांद्यावरच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या. पेट्रोमॅक्स आणि हॅलोजनमध्ये संकासुर नुसता पांढरा गोळा दिसतो. ते असो. मुद्द्याचा प्रश्न: आयसोप्रोपिल मिळालं नाही तर काजूची फेणी चालेल का? घरात तीच आहे.

फितवाला

पात्रांव, फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी. हेडला गंज आणि तुला पश्चात्ताप. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिटही नको, काहींत तेलकट पदार्थ असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्केवालं मागायचं. फेणी काम झाल्यावर.

तारवटी

अनेक वर्षं बोटीवर होतो, म्हणून एक भर घालतो. माळ्यावरचं यंत्र कुठून आलंय ते आधी विचारा. मागे व्होल्टेजचा सिलेक्टर असेल तर तो २२०-२४० वर आहे का ते पाहा. अमेरिकेतून आणलेला व्हीसीआर बऱ्याचदा ११० व्होल्टचा आणि फक्त एनटीएससी (तिकडची टीव्ही पद्धत) असतो. थेट आपल्या प्लगला लावला की धूर. ट्रान्सफॉर्मरवर लावला तरी आपल्या पाल फिती दिसणार नाहीत. आखातातले बरेचसे मल्टिसिस्टिम (दोन्ही पद्धती चालणारे) असतात, ते जपा.

स्पूलवाल्यांसाठी (म्हणजे कवच नसलेल्या उघड्या रिळाची फीत): जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरची मोटर एसी असेल आणि ती ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेली असेल तर आपल्या ५० वर ती सहातला पाचच वेग पकडते. गाणं तीन अर्धस्वरांच्या (पेटीच्या लगतच्या तीन पट्ट्यांच्या) आसपास खाली उतरतं. कप्पी बदलता येते का बघा. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही.

पिक्सेलपंत

सगळं ठीक, पण एवढा खटाटोप कशाला? ऑनलाइन पाचसातशे रुपयांत यूएसबीचं कॅप्चर यंत्र मिळतं. पिवळी-लाल-पांढरी वायर लावा, लॅपटॉपवर रेकॉर्ड करा, एमपी-४ बनवा, कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएसमध्ये असं काय आहे जे याने निसटेल?

ध्वनिलहरी

बरंच काही निसटतं, पंत. व्हीएचएसचा सिग्नल ओळीओळीला डळमळतो. टीव्हीला ते चालायचं, यूएसबीच्या काडीला चालत नाही. ती फ्रेम गाळते, आणि तासाभराच्या नाटकात शेवटी ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. त्यासाठी मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळत्या ओळी सरळ करणारं यंत्र, लागतो. खरा महाग असतो, पण पॅनासॉनिकच्या डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पार केला तरी ओळी बऱ्याच सरळ होतात. सेकंडहँड बाजारात ‘डिस्क वाचत नाही’ म्हणून विकायला असतो तो घ्या. डिस्क आपल्याला नकोच आहे.

एस-व्हिडिओची वायर निघत असेल तर पिवळीऐवजी ती. ७२०×५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं चित्र) आहे तसंच ठेवा, सरळ करायचं ते प्रतीवर. मूळ फाइल एफएफव्ही-१ या कोडेकमध्ये, मॅट्रोस्का (.mkv) फाइलच्या डब्यात ठेवली तर काहीही न गमावता जागा वाचते. ग्रुपवर टाकायला एमपी-४ नंतर बनवाच की, त्याला कोण नाही म्हणतं?

एलपी (लाँग प्ले, म्हणजे निम्म्या) वेगात भरलेल्या फितींबद्दल फितवालांनी लिहिलं नाही. तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास बसवायला लोक एलपी वापरायचे. त्यात चित्राची पट्टी ४९ मायक्रॉनची निम्मी होते. ज्या यंत्रावर भरली त्यावरच ती नीट दिसण्याची शक्यता जास्त, म्हणून ते यंत्र भंगारात देऊ नका.

पिक्सेलपंत

ईएस१० वाला मुद्दा मान्य. बाकी माझं मत कायम: परिपूर्ण यंत्राची वाट बघत बसलेले लोक शेवटी काहीच उतरवत नाहीत. मामांच्या लग्नाची फीत त्या काडीने का होईना, उतरली तर आहे.

ध्वनिलहरी

हे मात्र मला पटतं. फक्त काडीने उतरवून फीत फेकू नका, म्हणजे झालं. आता व्हीएचएस-डीकोड नावाचा प्रकल्प आहे, हेडवरून येणारा, चित्र बनण्याआधीचा कच्चा आरएफ सिग्नलच पकडून पुढचं सगळं सॉफ्टवेअर करतं. वेळ खूप खातो, पण टाइम बेस करेक्टरची गरज उरत नाही. फीत शाबूत असेल तर ते नंतर करता येईल.

नाट्यवेडा

ऑडिओबद्दल बोला हो कोणी! आमच्या देवळातल्या सप्ताहाच्या कॅसेट आहेत, सी-९० आणि काही सी-१२०. एक कॅसेट वाजवली तर बुवा काळी तीनच्या वर कुठेतरी गातायत. ते कधी काळी दोनच्या वर गेले नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मोटर बिघडली का?

फितवाला

दुसऱ्या कॅसेट बरोबर वाजतात का? वाजत असतील तर मोटर बरी आहे, भरतानाचं यंत्र हळू चाललं होतं. देवळात प्लग लांब असायचा, म्हणून सेलवर भरायचे. सेल उतरत गेले की फीत हळू सरकते, आणि आज बरोबर वेगात वाजवली की स्वर चढतो. एका अर्धस्वराचा फरक म्हणजे वेगात साधारण ६ टक्के. कॅसेटच्या अखेरीस स्वर अजून चढतोय का ऐका, तेच निदान.

सी-१२० ची फीत फक्त ९ मायक्रॉन जाड, सी-९० ची १२, सी-६० ची १८. ती पुढेमागे पळवू नका. एकदा सबंध सावकाश वाजवत न्या आणि त्याच वेळी उतरवून घ्या. तिच्यात शेजारच्या वळशाचा आवाजही झिरपतो, पुढची ओळ आधीच हलकी ऐकू येते. ते भूत नाही.

ध्वनिलहरी

नाट्यवेडा, वेग यंत्रावर सुधारायच्या फंदात पडू नका. ठरलेल्या वेगात, २४ बिट ९६ किलोहर्ट्झला डब्ल्यूएव्हीमध्ये उतरवा. आयासाची किमान शिफारस ४८ ची आहे, जागा नसेल तर तेवढं पुरे. ९६ ला स्टीरिओ तासाला दोन जीबी होतात, काही फार नाही. मग संगणकावर वेग बदला.

मोजमाप काय घ्यायचं? विजेवर भरलेल्या फितीत पाठीमागे ५० हर्ट्झची गुणगुण असते. स्पेक्ट्रममध्ये ती ५३ वर दिसली तर सहा टक्के जास्त, गणित सोपं. पण त्या काळी ग्रिडचा ठोका ५० च्या खाली घसरायचा, म्हणून डोळे मिटून विश्वास नको. शिवाय तुमची सेलवरची, तिथे गुणगुण नसेलच. तुमच्याकडे त्याहून पक्की गोष्ट आहे: देवळातली पेटी. तीच पेटी अजून असेल आणि नंतर सूर बदलून घेतले नसतील, तर तिचा षड्ज मोबाइलवर मोजा आणि फितीतला त्याला जुळवा.

उतरवण्याआधी प्रत्येक कॅसेटला अॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन, जुळवा. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. डेक मोनोवर टाका, झांजांचा आवाज सगळ्यात उजळ येईल तिथे तो स्क्रू थांबवा. घरी भरलेल्या कॅसेटचं हेड दरवेळी वेगळं, त्यामुळे एकदा जुळवून भागत नाही. आवाज बसका म्हणून टाकून दिलेल्या निम्म्याअधिक कॅसेट एवढ्यानेच जिवंत होतात.

नाट्यवेडा

पेटी तीच आहे! सूर बदलले का ते पेटीवाल्याला विचारतो. देव बरें करूं.

एका कॅसेटमध्ये फितीमागची लोकरीची गादी गळून पडलीय, आवाज येतो-जातो.

फितवाला

गादी जुन्या कॅसेटमध्ये हमखास पडते, गोंद वाळतो. कवच स्क्रूचं असेल तर टाकाऊ स्क्रूवाल्या कॅसेटमधून पट्टीसकट गादी काढून बसवा. जोडलेलं कवच असेल तर सांध्यावर पातळ सुरी फिरवून फोडावं लागतं आणि दोन्ही रिळं नव्या कवचात घालावी लागतात. आतले प्लास्टिकचे पातळ कागदही बरोबर घ्या. फीत तुटलेली असेल तर घरातली सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पाघळून शेजारचे वळसे चिकटवतो. स्प्लायसिंग टेप वेगळी मिळते. आणि मागचे दोन चौकोनी दात मोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही.

खाडीकाठचा

माझ्याकडे वडिलांचे स्पूल आहेत, पाव इंची. एक लावला तर फीत हेडला चिकटून किंचाळायला लागली, तपकिरी राड निघाली. इंटरनेटवर म्हणतात फीत ओव्हनमध्ये भाजा. खरं का हे?

ध्वनिलहरी

खरं आहे, पण सरसकट नाही. वाजवणं आत्ताच थांबवा. फितीवरचं चुंबकीय चूर्ण धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतलं पाणी शोषून चिकट होतं. अॅम्पेक्सच्या ४०६ आणि ४५६ फिती त्यासाठी बदनाम आहेत. त्या ५० ते ५४ अंशांवर आठ तासांच्या आसपास ठेवल्या की पाणी निघून जातं आणि काही आठवडे फीत वाजते. मग पुन्हा चिकट होते, म्हणून उतरवायची तयारी करूनच भाजायचं. स्वयंपाकाचा ओव्हन नको, त्याचा थर्मोस्टॅट वीस अंश इकडेतिकडे करतो. फळं सुकवायचं, तापमान ठरवता येणारं यंत्र वापरतात. मायक्रोवेव्हचं नावही काढू नका.

त्याआधी स्पूल आडवा धरून उजेडात बघा. आरपार उजेड दिसला आणि आंबटसर वास आला तर ती अॅसिटेटची फीत. ती कधीही भाजायची नाही, वाकडी होऊन संपते. कॅसेट आणि व्हीएचएसला भाजायची वेळ सहसा येत नाही.

पेडण्याचो_पिसो

हणजुण्याला पार्ट्या व्हायच्या तेव्हा डीजे डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) वापरायचे ना? आमच्या गावात एकाकडे तसल्या छोट्या कॅसेटचं खोकं पडून आहे.

ध्वनिलहरी

हो. गोवा ट्रान्सची (त्या पार्ट्यांतल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची) मंडळी तबकड्यांपेक्षा डॅट पसंत करायची, किनाऱ्यावरच्या उष्णतेत तबकड्या वाकतात. डीजे गोवा गिल तर शेवटपर्यंत डॅटवरच वाजवायचे. सोनीने डॅट १९८७ मध्ये आणलं. फीत कॅसेटएवढीच रुंद, पण आत व्हीसीआरसारखा फिरता ड्रम. डिजिटल असल्याने ती हळूहळू खराब होत नाही, आज छान आणि उद्या नुसते तुकडे. खोकं कुणाचं आहे ते विचार आणि लवकर उतरवून घ्यायला सांग. डॅट यंत्र दुरुस्त करणारे व्हीसीआरवाल्यांहून दुर्मीळ.

साळगावची_सून

एक वेगळा प्रश्न. उतरवलेल्या आरत्या यूट्यूबवर टाकू का? गाणारे निम्मे आता नाहीत.

नाट्यवेडा

मंडळातल्या हयात लोकांना आणि बाकीच्यांच्या घरच्यांना आधी ऐकवा. आमच्याकडे एका घराने नको म्हटलं, वडील त्या रात्री ताप असताना गायले होते, तो आवाज त्यांना चारचौघांत नको होता. ती एक कॅसेट आम्ही वर टाकली नाही.

ध्वनिलहरी

आणि यूट्यूब म्हणजे जतन नव्हे. डब्ल्यूएव्ही दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक गोव्याबाहेर नातेवाइकांकडे. संग्रहाचा अभ्यासाला उपयोग व्हावा असं वाटत असेल तर गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं एआरसीई हे लोकसंगीत-संशोधनाचं संग्रहालय आहे, १९८२ पासून संगीताची क्षेत्रीय ध्वनिमुद्रणं सांभाळतात. त्यांना विचारून बघा. कव्हरवर पेनाने लिहिलेलं सगळं मोबाइलने टिपा. तारीख, गाव, पेटीवर कोण, घुमटावर कोण. फायलीत हे नसेल तर पुढच्या पिढीला नुसता गलका ऐकू येईल.

साळगावची_सून

करते. आता तातडीचं: नवरा टू-इन-वन उघडून बसलाय. बेल्टच्या जागी डांबर. जुना बेल्टच नाही तर माप कशाचं घ्यायचं?

फितवाला

बेल्ट ज्या वाटेने जायचा त्या सगळ्या कप्प्यांवरून शिवणाचा दोरा फिरवा, टोकं जुळतील तिथे खूण करा, सरळ करून मोजा. समजा २४० मिलिमीटर आलं. त्यातून ५ टक्के वजा करा, २२८. दुकानदार व्यास विचारतो, म्हणून ३.१४ ने भागा, ७२-७३ येतं. चौकोनी बेल्ट की चपटा ते कप्पीच्या खाचेवरून कळतं. फ्लायव्हीलवर चपटा असेल तर चौकोनी घालू नका, वेग डगमगतो. पणजी-मडगावात नाही मिळाला तर मिश्र मापांचं पाकीट मागवा, नाहीतर मुंबईला कुणी जात असेल तर लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) सांगा.

काउंटरचा बारीक बेल्टही तपासायला सांग. काही डेकमध्ये तो तुटला की कॅसेट दोन-चार सेकंद फिरून आपोआप थांबते आणि लोक उगाच मोटर बदलत बसतात.